'रणांगण' आणि त्याच्या शेजारचे सूर



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इथल्या वाचनालयाला आपली पुस्तकं दिली आणि त्यांच्याबरोबर आपल्या ध्वनिमुद्रिकाही दिल्या. संयोजकांनी विषय निवडायला मोकळीक दिली तेव्हा मी या दोन कपाटांमधलाच एक विषय घेतला. एखादी कादंबरी मन ढवळून टाकते, शेवटचं पान उलटल्यावर बोलावंसं वाटत नाही, आणि काहीतरी ऐकावंसं मात्र वाटतं. अशा वेळी त्या कादंबरीच्या शेजारी कोणतं संगीत ठेवावं? प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. माझ्या मते तो वाचनाचाच आहे. आपण कादंबरी कशी वाचली, कुणाच्या बाजूने वाचली, तिच्यातलं काय आपल्या नजरेतून सुटलं, हे आपण निवडलेल्या सुरांवरून कळतं.

आज अभिवाचनाचे कार्यक्रम गावोगावी होतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण करुण उतारा सुरू झाला की मागे बासरी किंवा सारंगी सुरू होते, हे मला खटकतं. लेखकाने जे दुःख शब्दांत पेललं, तेच दुःख सुरांनी पुन्हा सांगितलं की ऐकणाऱ्याला स्वतः करायला काहीच उरत नाही. त्याने कुठे गहिवरायचं हेही दुसऱ्याने ठरवलेलं असतं. शेजारी ठेवलेल्या संगीताने कादंबरीच्या बाहेर राहिलेलं काहीतरी आणलं पाहिजे, एवढी एकच अपेक्षा मी ठेवतो, आणि आज ती एका कादंबरीवर तपासून पाहणार आहे.

सगळ्या कादंबऱ्यांना हा नियम लावू नये. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती मुळातच आश्रमातल्या रात्रींची, प्रार्थनेनंतर मित्रांना सांगितलेली गोष्ट आहे. तिथे गाणं आधीपासून वस्तीला आहे. म्हणून १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि वसंत देसाईंनी त्याला संगीत दिलं, तेव्हा त्या गाण्यांनी कथेला धक्का लागला नाही. ज्या पुस्तकाला उघड रडणं मान्य आहे, त्याच्या शेजारी उघड गाणंही शोभतं.

मी ज्या कादंबरीबद्दल बोलणार आहे ती रडत नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. प्रकाशन १९३९. आपल्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल, तरी ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण युरोपातून बोटीने मुंबईला परत येतो आहे. पूर्वीच्या एका प्रेमभंगाने तो कडवट झाला आहे, स्त्रीजातीविषयीच त्याच्या मनात अढी आहे. त्याच बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी आहेत. त्यांत हॅर्टा आहे. काही दिवसांच्या प्रवासात तिचं त्याच्यावर प्रेम बसतं, आणि तो स्वतःला कितीही बजावत असला तरी तिच्यात गुंततो. मुंबई येते. चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते. मग तिची पत्रं येतात, आणि अखेर तिने आयुष्य संपवल्याचं कळतं.

कथानक एवढंच. आकारानेही कादंबरी लहान आहे. पण मराठीत त्या काळी कादंबरी म्हणजे फडके-खांडेकरांचं युग, बंगले, ध्येयवाद, अलंकारांनी लवलेली वाक्यं. त्या दिवसांत बेडेकरांनी तोडलेल्या, कोरड्या, घाईत असल्यासारख्या वाक्यांत ही गोष्ट सांगितली. डेकवरचं सगळं जग आपल्यासमोर येतं, वंशद्वेष, क्षुद्र स्वार्थ, भूक, वासना, मधूनच अनपेक्षित चांगुलपणा, आणि कुठेही लेखक आपल्या खांद्यावर हात ठेवून समजूत काढत नाही. बरीच वर्षं ही कादंबरी बाजूला पडून राहिली आणि नंतरच्या पिढ्यांनी ती वर आणली, याचं मला नवल वाटत नाही. तिला समजून घेणारा वाचक तयार व्हायला वेळ लागला.

आता बेडेकरांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संगीत हा त्यांच्या आयुष्यात अनोळखी प्रदेश नव्हता. त्यांचं 'ब्रह्मकुमारी' हे नाटक मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. दीनानाथांचा तो वीज चमकावी तसा जाणारा गळा, पदाला मिळणारे वन्समोअर, तान संपेपर्यंत श्वास धरून बसलेलं नाट्यगृह, हे सगळं त्यांनी विंगेतून पाहिलं होतं. मंडळी नाटकाकडून चित्रपटाकडे वळली तेव्हा 'कृष्णार्जुन युद्ध' या बोलपटाच्या दिग्दर्शनात बेडेकर होते. पुढे चित्रपटाच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला जाऊन आले, आणि त्या प्रवासानंतर 'रणांगण' आली. कितीतरी वर्षांनी, १९६३ साली, त्यांनी 'रुस्तम सोहराब' दिग्दर्शित केला. त्याचं संगीत सज्जाद हुसेन यांचं. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. आणि त्याच चित्रपटात सज्जादसाहेबांकडे ज्या लताबाई गायल्या, त्या दीनानाथांची मुलगी. म्हणजे सुरुवातीला वडील आणि पुढे लेक, अशा दोन थोर गळ्यांच्या सहवासात या लेखकाचं काम झालं.

अशा माणसाने आपली एकमेव थोर कादंबरी इतकी निर्लेप लिहावी, याचा अर्थ मी असा लावतो. संगीत नाटकात पद सुरू झालं की काळ थांबतो. नायिकेचा विरह असो की नायकाचा निश्चय, गाणं संपेपर्यंत पुढचं काही घडत नाही, आणि प्रेक्षकाला तेच हवं असतं. 'रणांगण'मध्ये काळ थांबून चालणारच नव्हतं. बोट रोज ठरलेले मैल कापते आहे, मुंबई रोज जवळ येते आहे, आणि मुंबई म्हणजे ताटातूट. चक्रधर आणि हॅर्टा यांच्या प्रत्येक भेटीमागे हा हिशेब चालू आहे. बेडेकरांना गाणं कळत होतं, म्हणूनच त्यांनी ते या पानांपासून दूर ठेवलं असं मला वाटतं. तेव्हा बाहेरून सूर आणणाऱ्याने जपून आणावेत.

मला सगळ्यात आधी आठवतो मारवा. गाण्याची गोडी असलेल्या कुणालाही बहुधा तोच आठवेल. मारव्यात पंचम वर्ज्य. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. सूर्य मावळतानाचा राग. पण त्याची खरी ओळख अशी की गायक षड्जावर येणं टाळत राहतो. कोमल ऋषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, षड्जाला वळसा घालून जातो. षड्ज म्हणजे घर. ऐकणाऱ्याच्या मनात हुरहुर दाटत जाते, कारण घराच्या अंगणापर्यंत येऊन माणूस आत येत नाही. अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकलात तर ही तळमळ किती संथपणे, किती संयमाने वाढवता येते ते कळेल. खाँसाहेब आवाज चढवत नाहीत, एकही सूर विव्हळत नाही, आणि तरी काही वेळाने आपल्याला बसवत नाही. बेडेकरांच्या कोरड्या वाक्यांशी त्या गायकीचं नातं जुळतं. निर्वासितांच्या कादंबरीला घर टाळणारा राग, यापेक्षा चपखल काय असेल?

पण जरा कान देऊन ऐका. गायक षड्ज टाळत असतो तेव्हा मागे तंबोरा काय वाजवत असतो? षड्जच. पंचम वर्ज्य म्हणून पहिली तार बहुतेक वेळा निषादात लावतात, उरलेल्या तारा षड्जाच्या. म्हणजे गाणाऱ्याने कितीही पाठ फिरवली तरी त्याचं घर त्याच्यामागे अखंड घुमत असतं. मारव्याची वेदना खरी आहे, पण ती ज्याला घर आहे त्याची वेदना आहे. आवर्तन पूर्ण होताना कधीतरी तो षड्जावर टेकतो आणि आपण सगळे सुटकेचा श्वास सोडतो.

हॅर्टाच्या मागे असा तंबोरा नाही. तिचा देश तिला आपली मानत नाही. १९३८ च्या ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षर उमटवलं जाऊ लागलं. १९३९ च्या जानेवारीपासून ठरावीक ज्यू नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू स्त्रीला आपल्या नावापुढे 'सारा' हे नाव लावण्याची कायद्याने सक्ती झाली. देश सोडताना सोबत नेता यायचे ते फक्त दहा मार्क. या माणसांसाठी षड्जाची तार कापून टाकण्यात आली होती. तेव्हा मारवा या कादंबरीला शोभतो, पण तो चक्रधरचा राग आहे. मुंबई त्याची आहे, भाषा त्याची आहे, धक्क्यावर त्याला उतरवून घ्यायला एक समाज उभा आहे, आणि तो स्वतःच्याच कडवटपणामुळे त्या घराला आणि हॅर्टाच्या प्रेमाला वळसे घालत राहतो. 'रणांगण' वाचून ज्याला मारवा ऐकावासा वाटतो, त्याने कादंबरी चक्रधरच्या बाजूने वाचलेली असते. आपण मराठी वाचक ती बहुधा तशीच वाचतो. निवेदन त्याचं असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे.

हॅर्टाच्या बाजूने वाचायचं तर तिच्या देशाचं संगीत आणावं, असं मनात येतं. जर्मनी म्हणजे बाख, बेथोव्हन, ब्राम्स. इथे आपल्याला एका भीषण गोष्टीपाशी थांबावं लागतं. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वादक, गायक, संगीत दिग्दर्शक सरकारी वाद्यवृंदांमधून आणि ऑपेरागृहांमधून काढले गेले. त्यांना एक वेगळी संस्था काढू देण्यात आली, 'युडिशर कुल्टुरबुंड', म्हणजे ज्यू सांस्कृतिक संघ. त्यात कलावंत ज्यू आणि श्रोतेही ज्यूच. पुढे काय वाजवायचं यावरही बंधनं आली. आधी बेथोव्हन वाजवायला बंदी, १९३८ साली ऑस्ट्रिया गिळल्यावर मोझार्टलाही बंदी, कारण जर्मनांचं संगीत ज्यूंच्या हातांनी विटाळतं. उलट मेंडेल्सोन ज्यू कुळातला, म्हणून तो जर्मनांनी वाजवायचा नाही. लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहासमोर मेंडेल्सोनचा पुतळा होता. तो १९३६ च्या नोव्हेंबरात काढून टाकण्यात आला. नगराध्यक्ष कार्ल गोर्डेलर परगावी गेले असताना हे उरकण्यात आलं, आणि पुढे त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.

म्हणजे हॅर्टाच्या वयाच्या मुलीने लहानपणी पियानोवर जो बेथोव्हन बडवून बडवून घोटला असेल, तो मोठेपणी तिच्या जमातीला निषिद्ध ठरला. माणसाचं घर काढून घेता येतं, नोकरी काढून घेता येते, हे आपल्याला ठाऊक आहे. पाठ असलेली सुरावटही कायद्याने काढून घेता येते, हे त्या राजवटीने दाखवलं. आपल्याकडेही कोणत्या घरच्या मुलीने गावं, कोणत्या जातीच्या माणसाने कोणतं वाद्य वाजवावं आणि कुठे उभं राहून, याचे नियम फार दिवस होते. त्यामुळे ही गोष्ट परदेशातली म्हणून आपण हात झटकू नयेत.

यातूनच मी शूबर्टच्या 'विंटरराइज'कडे येतो. हिवाळ्यातला प्रवास. विल्हेल्म म्यूलरच्या २४ कवितांना शूबर्टने १८२७ साली दिलेलं संगीत, एक आवाज आणि एक पियानो. शूबर्ट ३१ व्या वर्षी गेला, आणि या गीतमालेच्या उत्तरार्धाची मुद्रितं त्याने शेवटच्या आजारपणात तपासली. पहिल्याच गीतात एक तरुण रात्री बर्फातून बाहेर पडतो. ज्या घरात प्रेम मिळेल असं वाटलं होतं ते घर सोडून, आत झोपलेल्या मुलीला जाग येणार नाही अशा बेताने. चाल पावलांची, एकसारखी. आणि त्या मुलीची झोपमोड नको हा विचार येतो त्या कडव्यात उदास स्वरावली अचानक उजळते, आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गांधार शुद्ध होतो. दुःखाच्या सर्वांत खोल जागी त्याने प्रसन्न स्वर ठेवला. संयम म्हणजे काय, हे त्या एका बदलात शिकावं.

पण मला सांगायचं आहे ते शेवटच्या, चोविसाव्या गीताविषयी. गावाबाहेर एक म्हातारा अनवाणी बर्फावर उभा राहून चक्र फिरवायचं एक तंतुवाद्य वाजवतो आहे. ताटली रिकामी आहे. कुणी ऐकत नाही, कुत्री गुरगुरतात, आणि तो वाजवतोच आहे. पियानोत डाव्या हाताला पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत दोनच स्वर धरलेले आहेत, आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम. युरोपच्या संगीताचा कान ज्याला नाही अशा मराठी रसिकानेही हे गीत ऐकावं, कारण त्या दोन स्वरांचा अर्थ त्याला कुणी समजावून द्यावा लागणार नाही. तो तंबोराच आहे. मात्र हा तंबोरा घरात लावलेला नाही. तो रस्त्यावरच्या, कुणाच्याच नसलेल्या माणसाच्या हातात आहे. प्रवासी त्याला विचारतो, मी येऊ का तुझ्याबरोबर? उत्तर येत नाही आणि गीतमाला संपते.

हॅर्टाच्या पत्रांच्या शेजारी ठेवावं असं संगीत कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी हे गीत सांगेन. तिचं प्रेमही एका माणसाला विचारलेला हाच प्रश्न आहे. याला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. शूबर्टचा प्रवासी प्रेमात हरलेला पुरुष आहे, त्याला कुणी देशाबाहेर हाकललेलं नाही. बर्फातून परत फिरायचं त्याने ठरवलं तर त्याला अडवणारं कुणी नाही. हॅर्टाला परतीची वाट नव्हती. शिवाय ही भाषा जर्मन, म्हणजे तिला हाकलणाऱ्यांची. पण ती तिचीही होतीच. लोटे लेमान ही व्हिएन्ना गाजवलेली जर्मन गायिका १९३८ साली अमेरिकेत गेली. ती स्वतः ज्यू नव्हती, पण तिच्या पतीच्या आधीच्या लग्नाची मुलं ज्यू आईची होती, त्यामुळे त्या घराला धोका होता. तिने १९४०-४१ साली अमेरिकेत 'विंटरराइज' ध्वनिमुद्रित केली, पुरुषाच्या तोंडची गीतं स्त्रीच्या आवाजात. 'रणांगण' छापून जेमतेम दोन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. ते ध्वनिमुद्रण ऐकताना वरचा आक्षेप पुष्कळसा विरघळतो. ती भाषा तिथे हिटलरची राहत नाही.

इतका वेळ आपण बोटीवर आहोत. आता धक्क्यावर उतरू, कारण मला आज सर्वांत महत्त्वाचं वाटणारं संगीत बोटीवर नाही, मुंबईत आहे.

हॅर्टाची बोट मुंबईला लागली त्याच्या काही वर्षं आधी, १९३४ साली, वाल्टर काउफमान नावाचा एक ज्यू संगीतकार याच बंदरात उतरला. जन्म १९०७, बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा, म्हणजे बेडेकरांपेक्षा एका वर्षाने लहान. बर्लिनमध्ये तो संगीतरचना शिकला होता आणि प्राग इथे त्याने संगीतशास्त्राचा अभ्यास केला होता. आपले मार्गदर्शक नात्झी युवक संघटनेत पुढारी आहेत हे कळल्यावर त्याने डॉक्टरेट नाकारली. युरोपात पुढे काय होणार हे ओळखून तो निघाला. तेव्हा हिंदुस्थानचा व्हिसा मिळणं अवघड नव्हतं.

मुंबईत पहिल्यांदा आपलं संगीत ऐकल्यावर काउफमानला त्यातलं काहीच भिडलं नाही. इतकी माणसं ज्याच्यावर जीव टाकतात ते संगीत आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्यात असली पाहिजे, असं त्याने ठरवलं आणि तो शिकायला बसला. हा एक विचार मला फार मोठा वाटतो. ज्याला वंशाने हलका ठरवून हाकललं, त्याने परक्यांच्या कलेसमोर अशी नम्रता धरावी. त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. मेहली मेहतांचं व्हायोलिन, त्याचा स्वतःचा पियानो. रेडिओच्या मुंबई केंद्रावर तो युरोपीय संगीताचा प्रमुख झाला आणि १९४६ पर्यंत इथे राहिला. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचा तो पहिला संचालक झाला, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९६८ साली निघाला. १९८४ साली तो वारला.

आणि त्याचं एक काम तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. पहाटे केंद्र सुरू होताना आकाशवाणीवर वाजणारी ती धून, तंबोऱ्यावर व्हायोलिनचे मोजके स्वर. तिच्या रचनेचं श्रेय सर्वसाधारणपणे काउफमानला दिलं जातं आणि व्हायोलिन मेहली मेहतांचं असल्याचं सांगितलं जातं. आपल्या आज्या त्या धुनीवर उठल्या, चुली पेटल्या, शेतकरी बैलांना वैरण टाकायला निघाले, गिरण्यांची पहिली पाळी निघाली. कोकणात, वऱ्हाडात, गोव्यात मुक्तीनंतर घरोघर. आपल्या सकाळीइतकी आपली दुसरी कोणती गोष्ट असेल? ती एका निर्वासिताने बांधली.

त्या धुनीतले स्वर शिवरंजनीचे. भूप घ्या आणि त्यातला गांधार तेवढा कोमल करा, शिवरंजनी तयार होतो. मध्यम नाही, निषाद नाही. पाचच स्वर, आणि त्यातल्या एकाच स्वराने सगळी प्रसन्नता हळवी करून टाकलेली. शूबर्टच्या पहिल्या गीतात कोमल गांधार शुद्ध होतो तेव्हा गळा दाटतो, आणि इथे शुद्ध गांधार कोमल होतो तेव्हा. दोन्हीकडे अर्ध्याच स्वराची जागा. चित्रपटसंगीताने शिवरंजनी विरहगीतांसाठी इतका वापरला की तो ऐकला की हुंदकाच आठवावा. या धुनीत हुंदका नाही. ती पहाटेची आहे, तिला पुढे बातम्या द्यायच्या आहेत, बाजारभाव सांगायचे आहेत.

आता ही धून आणि 'रणांगण' शेजारी ठेवून पाहा. काउफमान १९३४ साली उतरू शकला. १९३८ नंतर निर्वासितांचे लोंढे वाढले आणि ब्रिटिश सरकारने दार आवळलं. नोकरीची किंवा निर्वाहाची हमी दाखवा, मग पाय ठेवा. मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन ही संस्था अशा हमीसाठी धडपडत होती. जे उतरले त्यांतलेही अनेक जर्मन पासपोर्टमुळे १९३९ च्या सप्टेंबरात शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले, आणि ज्यू असूनही त्यांना अहमदनगरच्या छावणीत डांबलं गेलं. नंतर चौकशी होऊन बहुतेकांची सुटका झाली. ज्यांच्याकडे कुणाचीच हमी नव्हती त्यांची बोट कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला जायची, कारण उतरताना व्हिसा न विचारणारं ते जवळजवळ एकमेव बंदर उरलं होतं. १७ ते २० हजार ज्यू तिथे पोचले. त्यांत आल्फ्रेड विटेनबर्गसारखे व्हायोलिनवादक होते, वोल्फगांग फ्रेंकेलसारखे रचनाकार होते. या दोघांनी शांघायमध्ये चिनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. हॅर्टा तिथवर जिवंत पोचली असती तर तिला तिथे चहाची दुकानं, वाद्यवृंद, जर्मन नाटकं, सगळं सापडलं असतं. हे मी कल्पनेने सांगत नाही, त्या वस्तीचा तो इतिहास आहे. कादंबरीतल्या हॅर्टाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बेडेकरांनाही १९३९ साली ते ठाऊक असणं शक्य नव्हतं.

कादंबरीच्या बाहेर राहिलेलं संगीताने आणावं असं मी सुरुवातीला म्हणालो, ते हे. मारवा चक्रधरच्या मनाचं सांगतो. शूबर्टचा वादक हॅर्टाच्या एकटेपणाचं सांगतो. काउफमानची धून आपलं सांगते, म्हणजे धक्क्यावर उभ्या असलेल्यांचं. ज्या एकाला आपण उतरवून घेतलं त्याने आपल्याला काय दिलं, हे ऐकल्यावर ज्या हॅर्टाला उतरवून घेतलं नाही तिच्याबरोबर काय गेलं, याचा अंदाज येतो. कादंबरी वाचून मला चक्रधरचा राग येतो, पुष्कळांना येतो. ती धून ऐकल्यावर तो राग एकट्या चक्रधरवर ठेवता येत नाही. बंदराचे नियम एका प्रियकराने केले नव्हते. आणि आजही जगात माणसांनी भरलेल्या बोटी बंदरांबाहेर ताटकळत उभ्या राहतात, तेव्हा आपण दर वेळी धक्क्यावरच्यांच्याच बाजूला असतो.

'रणांगण'चा जेरी पिंटो यांनी इंग्रजी अनुवाद केला आहे. टोरांटोच्या एआरसी आन्सांब्ल या वादकगटाने काउफमानच्या चेंबर रचनांचं ध्वनिमुद्रण २०२० साली प्रसिद्ध केलं. त्यात मुंबईच्या वास्तव्यात उमललेलं त्याचं लेखन ऐकायला मिळतं. पाश्चात्त्य चौकट, चार तंतुवाद्यं, आणि मधूनच एखाद्या रागाची चाल अशी सहज येते की परकी वाटत नाही. गेल्या काही वर्षांतच या दोन गोष्टी आपल्या हाताशी आल्या आहेत.

म्हणून इथल्या वाचनालयाला आणि गावोगावच्या वाचनकट्ट्यांना माझी एक विनंती आहे. 'रणांगण'चं जाहीर वाचन ठेवा. हॅर्टाची पत्रं मागे कोणतंही वाद्य न वाजवता, एका स्त्रीच्या आवाजात वाचू द्या. वाचन पूर्ण झालं की थोडं थांबा, आणि मग काउफमानची चार तंतुवाद्यांची एखादी रचना पूर्ण ऐकवा. आणि आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांपैकी कुणी सभागृहात असतील तर त्यांना सांगणं एवढंच, की ही धून कुणाची मानली जाते आणि तो कुठून, कशामुळे आला होता, हे वर्षातून एकदा तरी त्या धुनीनंतर निवेदकाच्या तोंडून श्रोत्यांना कळू द्या.